पुस्तकातली मुलं गोरीच का?

जानेवारी १९२० मध्ये न्यूयॉर्कहून ‘द ब्राउनीज् बुक’ हे मुलांचं मासिक निघालं. अंकाची किंमत पंधरा सेंट. ते काढणाऱ्यांत कृष्णवर्णीय विचारवंत डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस होते. १९४६ मध्ये डॉ. आंबेडकरांनी अमेरिकी कृष्णवर्णीयांच्या संयुक्त राष्ट्रांकडच्या अर्जाची प्रत पत्राने मागवली, ती यांच्याकडेच. जेसी फॉसेट या लेखिकेने मासिकाचा मोठा भार उचलला. कृष्णवर्णीय मुलांना स्वतःच्या रंगाची लाज वाटू नये, यासाठी हा सारा खटाटोप होता. शाळा नुकतीच संपवलेल्या, पुढे नामवंत कवी झालेल्या लँग्स्टन ह्यूजच्या कविता त्यात आल्या. चोवीस अंकांनंतर मासिक बंद पडलं.

पुढची चार दशकं मुलांची पुस्तकं जवळपास गोरीच राहिली.

१९६५ मध्ये अमेरिकी शिक्षणतज्ज्ञ नॅन्सी लॅरिक यांनी याचा हिशेब मांडला. ६३ प्रकाशकांनी तीन वर्षांत काढलेल्या ५,२०६ पुस्तकांपैकी फक्त ३४९ मध्ये एखादं तरी कृष्णवर्णीय पात्र होतं. त्यातल्याही निम्म्याहून अधिक गोष्टी परदेशात किंवा दुसऱ्या महायुद्धाआधी घडणाऱ्या. त्याच वर्षी सुरू झालेल्या एका संस्थेने नव्या लेखकांसाठी स्पर्धा भरवली आणि तिथून दोन मोठी नावं पुढे आली: वॉल्टर डीन मायर्स आणि मिल्ड्रेड टेलर.

टेलर यांच्या ‘रोल ऑफ थंडर, हिअर माय क्राय’ (१९७६) मधला एक प्रसंग विसरता येत नाही. १९३०च्या दशकातलं मिसिसिपी. शाळेत पुस्तकं वाटली जातात. सहा वर्षांचा मुलगा मुखपृष्ठ उलटतो, तर आत तक्ता: पुस्तक नवं होतं तेव्हा गोऱ्या मुलाला मिळालेलं, आणि पार चिंध्या झाल्यावर त्याच्या वाट्याला आलेलं. तो ते जमिनीवर आपटून पायाखाली तुडवतो. वर्णद्वेष कसा दिसतो हे सांगायला टेलरना याहून वेगळं भाषण लागलं नाही. १९७७ मध्ये या कादंबरीला बालसाहित्याचं न्यूबेरी पदक मिळालं.

मायर्स हार्लेम या न्यूयॉर्कमधल्या कृष्णवर्णीय वस्तीत वाढले. पुस्तकांचं वेड असूनही आपल्यासारखं कुणीच त्यांत भेटत नाही, म्हणून किशोरवयात त्यांचं वाचनावरून मन उडालं. कृष्णवर्णीय लेखक जेम्स बाल्डविन यांची हार्लेममधली कथा हाती आली, तेव्हा आपल्या वस्तीबद्दल लिहिता येतं हे त्यांना उमगलं. त्यांच्या ‘मॉन्स्टर’ (१९९९) चा नायक खुनाच्या खटल्यात अडकलेला सोळा वर्षांचा मुलगा आहे. स्वतःची कहाणी तो पटकथा म्हणून लिहितो. किशोरवाचकांसाठीच्या साहित्याचा प्रिन्ट्झ पुरस्कार पहिल्यांदा दिला गेला, तो याच पुस्तकाला.

२०१४ मध्ये, मृत्यूच्या काही महिने आधी, मायर्स यांनी वर्तमानपत्रात पुन्हा तोच प्रश्न विचारला: आदल्या वर्षीच्या ३,२०० पुस्तकांपैकी कृष्णवर्णीयांविषयी फक्त ९३ का?

अँजी थॉमस यांच्या ‘द हेट यू गिव्ह’ (२०१७) ची सुरुवात एका लघुकथेतून झाली. ऑकलंडमध्ये २००९ साली पोलिसाच्या गोळीने ऑस्कर ग्रँट हा कृष्णवर्णीय तरुण मेला, त्या संतापातून कॉलेजात असताना लिहिलेली. पुस्तक तुफान खपलं. तरीही अमेरिकी ग्रंथालय संघटनेच्या २०१७, २०१८, २०२० आणि २०२१ च्या, सर्वाधिक आक्षेप घेतलेल्या दहा पुस्तकांच्या याद्यांमध्ये त्याचं नाव आहे.