मास्टर रामचंद्र आणि महत्तम-लघुत्तमाची गणिते

महत्तम-लघुत्तम मूल्यांचे गणित दिसले की तुमचा हात आपोआप चालू लागतो. विकलन करायचे, ते शून्याबरोबर मांडायचे, उत्तर काढायचे. असे का करायचे, हे वर्गात विचारले तर बहुतेक जण गप्प बसतात. वर्गातली ही शांतता जुनी आहे. तिच्यावर इलाज शोधणारा एक शिक्षक १८४०च्या दशकात दिल्लीत होता.

रामचंद्र यांचा जन्म १८२१ सालचा. दिल्ली कॉलेजात ते शिकले आणि १८४४ पासून तिथेच शिकवू लागले. या कॉलेजचे वैशिष्ट्य असे, की तिथल्या पौर्वात्य विभागात पाश्चात्त्य विज्ञान उर्दूतून शिकवले जाई. त्यासाठी पुस्तकांची भाषांतरे होत. रामचंद्रांनी स्वतः उर्दूत लिहिले आणि ‘फवाइद-उल-नाझिरीन’ व ‘मुहिब्ब-ए-हिंद’ ही नियतकालिके चालवली.

पण नुसत्या भाषांतराने त्यांचे समाधान झाले नाही. भाषा ओळखीची असली तरी विचार करण्याची पद्धत परकी असेल, तर विद्यार्थी पाठांतरच करणार. भास्कराचार्यांच्या बीजगणिताची परंपरा असलेल्या देशात कॅलक्युलसचे प्रश्न बीजगणिताच्या वाटेने का सोडवू नयेत, असा त्यांचा विचार होता. त्यातून १८५० मध्ये कलकत्त्याला स्वखर्चाने छापलेले त्यांचे इंग्रजी पुस्तक आले. त्यात महत्तम-लघुत्तमाची गणिते विकलनाशिवाय सोडवली आहेत.

पद्धत पाहा, आणि वही जवळ ठेवा. ४० मीटर कुंपणात जास्तीत जास्त क्षेत्रफळाचा आयत हवा आहे. एक बाजू क्ष, दुसरी २० − क्ष. क्षेत्रफळाचे मोठ्यात मोठे मूल्य ‘म’ आहे असे समजा, म्हणजे क्ष(२० − क्ष) = म. हे साधे वर्गसमीकरण आहे. सोडवले की क्ष = १० ± √(१०० − म). आता म १००पेक्षा मोठा झाला तर मुळाखाली ऋण संख्या येते आणि असा आयत अस्तित्वातच राहत नाही. म्हणून महत्तम १००, आणि क्ष १०. इथे उत्तराबरोबर त्याचे कारणही हाती लागते: त्या टोकाला दोन्ही मुळे एक होतात. विकलन शून्य का मांडतात, हे मला तरी या आकृतीवरून जास्त लवकर समजावता येते.

घन समीकरणांत ही वाट खडतर होते, आणि साइन किंवा लॉगरिदम आले की ती जवळजवळ बंदच होते. कॅलक्युलसची ताकद याच ठिकाणी आहे.

कलकत्त्यात पुस्तकावर टीका झाली. मात्र ड्रिंकवॉटर बेथ्यून यांनी ते लंडनला ऑगस्टस डी मॉर्गन यांच्याकडे पाठवले. (तर्कशास्त्राच्या नियमांमुळे तुम्हाला माहीत असलेले हेच डी मॉर्गन, त्यांचा जन्म मदुराईचा.) त्यांना पुस्तकात अध्यापनाचे मूल्य दिसले. त्यांच्या खटपटीने, त्यांच्याच प्रस्तावनेसह, १८५९ मध्ये त्याची लंडन आवृत्ती निघाली.

मधल्या काळात दिल्लीत बरेच काही बदलले होते. १८५७च्या उठावात कॉलेज लुटले गेले, प्राचार्य टेलर मारले गेले. १८५२ मध्ये ख्रिस्ती झालेले रामचंद्र कसेबसे वाचले. १८५८ मध्ये काही महिने ते रुडकीच्या थॉमसन सिव्हिल इंजिनिअरिंग कॉलेजात होते; पुढे दिल्लीत शाळेचे मुख्याध्यापक झाले.

डी मॉर्गन यांची अपेक्षा होती, की या पुस्तकाने भारतातले गणिताचे शिक्षण बदलेल. तसे झाले नाही. १८५७ मध्येच कलकत्ता, मुंबई आणि मद्रास इथे विद्यापीठे स्थापन झाली होती, आणि त्यांचा साचा लंडन विद्यापीठाचा होता. शिक्षण इंग्रजीतून, आणि भर परीक्षेवर. परीक्षेत जे विचारले जाई ते वर्गात शिकवले जाई; विद्यार्थ्याच्या मनात आधीपासून कोणते गणित आहे, हा रामचंद्रांचा प्रश्न अभ्यासक्रम ठरवणाऱ्यांना पडला नाही. रामचंद्र १८८० मध्ये वारले. दिल्ली कॉलेज आज झाकिर हुसेन दिल्ली कॉलेज या नावाने चालू आहे.