दुष्काळातील महागाईचे समर्थन

दुष्काळात धान्याचे भाव चढू द्यावेत, तोच टंचाईवरचा उपाय, अशी आरंभीच्या अर्थशास्त्रज्ञांची भूमिका. ॲडम स्मिथने ती ‘वेल्थ ऑफ नेशन्स’मध्ये (१७७६) मांडली. भाव चढले की लोक बेताने खातात आणि साठा पुढच्या सुगीपर्यंत पुरतो. व्यापारी हे काम शिधा आखडत्या हाताने वाटणाऱ्या जहाजाच्या कप्तानासारखे करतो, असे त्याचे म्हणणे. टंचाईचा दुष्काळ होतो तो सरकारच्या अविचारी उपायांनी. १७७० च्या बंगालच्या दुष्काळालाही ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरांनी तांदळाच्या व्यापारावर घातलेले निर्बंध काही अंशी कारण असावेत, असे त्याने लिहिले. टीका कंपनीवर होती. पण त्याच युक्तिवादाचा आधार पुढे राज्यकर्त्यांनीच घेतला. हे विचार त्यांच्यापर्यंत पोचण्याची वाटही होती: १८०५ पासून अर्थशास्त्रज्ञ माल्थस कंपनीच्या भावी अधिकाऱ्यांना अर्थशास्त्र शिकवत होता.

१८७६–७८ च्या दुष्काळात हे तत्त्व दख्खनमध्ये कसाला लागले. भाव उतरवण्यासाठी सरकारने काहीही करू नये, असे व्हाइसरॉय लिटनने १८७७ मध्ये बजावले. रेल्वेने धान्य आले, हे खरे. भाव बांधले असते तर ते आले नसते, हा आक्षेपही पोकळ नाही. पण पीक बुडालेल्या शेतमजुराच्या हाती पैसाच नव्हता, आणि चढे भाव धान्य खेचून आणतात ते पैसेवाल्याकडे. शिवाय हस्तक्षेप नको म्हणणाऱ्या सरकारने मजुरी मात्र स्वतः ठरवली: सरकारी अधिकारी रिचर्ड टेंपलने दुष्काळी कामांवरच्या पुरुषाला एक पौंड धान्याची किंमत आणि वर एक आणा एवढ्यावर आणले. मुंबई इलाख्यात मजुरांनी कामे सोडली. गणेश वासुदेव जोशी यांच्या पुणे सार्वजनिक सभेने त्यांची बाजू सरकारपुढे मांडली. याच टेंपलने १८७४ मध्ये बिहारसाठी ब्रह्मदेशातून तांदूळ आणवून मनुष्यहानी टाळली होती. त्याबद्दल त्याच्या वाट्याला उधळपट्टीचा ठपका आला.

त्यामुळे दोष एकट्या स्मिथच्या माथी मारणे बरोबर नाही. मजुरीला मागणी उरत नाही तिथे सुपीक देशातही लाखो माणसे उपासमारीने मरतात, हे बंगालचेच उदाहरण देऊन त्याने त्याच ग्रंथात नोंदवले होते. अधिकाऱ्यांनी सोयीचे तेवढेच प्रकरण वाचले. अशा सरसकट वापराविरुद्ध न्यायमूर्ती रानडे यांनी १८९२ च्या पुण्यातील व्याख्यानात अर्थशास्त्राचे नियम देशकालसापेक्ष असतात असे मांडले. त्याआधी रिचर्ड स्ट्रेचीच्या दुष्काळ आयोगाने (१८८०) कामे व मदत ही सरकारची जबाबदारी मानली, धान्यव्यापारात हात न घालण्याचे धोरण मात्र कायम ठेवले.