गोखल्यांची टू-डू लिस्ट

मागच्या महिन्यात ऑफिसात 'लाइफ गोल्स' नावाचं एक वर्कशॉप झालं. एच.आर.ने प्रत्येकाच्या हातात एक कागद ठेवला. कागदावर मोठं वर्तुळ आणि त्याचे पिझ्झासारखे आठ तुकडे : करिअर, पैसा, तब्येत, कुटुंब, मित्र, छंद, अध्यात्म आणि समाज. वीस मिनिटांत प्रत्येक तुकड्यात सुचेल ते लिहायचं. नियम एकच, लिहिताना 'हे आपल्याला जमणार नाही' असं म्हणायचं नाही. माझ्या शेजारच्याने तब्येतीच्या तुकड्यात 'जिम' लिहिलं आणि मग कुटुंबाच्या तुकड्यात 'बायकोबरोबर जिम'. मी पैशाच्या तुकड्यात 'होम लोन फेडणे' लिहिलं आणि थांबलो. बाकीचे सात तुकडे कोरेच राहिले.

हा नियम ॲलेक्स ऑसबॉर्न या अमेरिकन जाहिरातवाल्याचा. बीबीडीओ या जाहिरात कंपनीच्या नावातला 'ओ' म्हणजे हाच गृहस्थ. आधी भरपूर कल्पना काढा, चिकित्सा नंतर करा, असं त्याचं म्हणणं. १९५३ साली आलेल्या 'अप्लाइड इमॅजिनेशन' या पुस्तकामुळे ब्रेनस्टॉर्मिंग जगभर पसरलं. पाचच वर्षांनी, १९५८ मध्ये, येल विद्यापीठातल्या मंडळींनी प्रयोग करून दाखवलं की चार माणसं एकत्र बसून जेवढ्या कल्पना काढतात त्यापेक्षा तीच संख्या वेगवेगळ्या खोल्यांत बसवली तर जास्त निघतात. हे एच.आर.ला सांगावं असं मनात आलं होतं, पण अप्रेझल जवळ आलं होतं. असो.

त्या कोऱ्या वर्तुळाकडे बघताना मला एक दुसरा कागद आठवत होता. पुण्यातल्याच एका माणसाने एकट्याने बसून केलेली यादी. तारीख ५ फेब्रुवारी १८९८. माणूस फर्ग्युसन कॉलेजातला प्राध्यापक, वय एकतीस, पगार महिना पंचाहत्तर रुपये. नाव गोपाळ कृष्ण गोखले.

आपल्याला गोखले माहीत असतात ते दोन-तीन ओळींत. नेमस्त, गांधीजींचे राजकीय गुरू, टिळकांचे विरोधक. शाळेच्या पुस्तकात टिळकांना धडा आणि गोखल्यांना परिच्छेद. पुण्यात राहणाऱ्यांना आणखी एक संबंध, म्हणजे गोखले इन्स्टिट्यूटवरून जाणारा रस्ता आणि तिथला ट्रॅफिक. मीही त्यातलाच. पण त्यांच्या चरित्रात ही यादी वाचली आणि माणूस एकदम ओळखीचा वाटायला लागला.

यादी इंग्रजीत आहे. सुरुवात श्रीगुरू दत्तात्रेयांच्या कृपेने. (रानड्यांचा शिष्य, हिशेबी आकड्यांचा माणूस, आणि दत्तात्रेय! मला हे पहिल्यांदा वाचताना गंमत वाटली होती.) मग नम्रपणे पण निश्चयाने आपण काय काय करणार ते. पहिलं, योगाभ्यास नियमित करीन. दुसरं, अभ्यास. यात इतिहास आणि तत्त्वज्ञान, दोन्ही प्राचीन आणि आधुनिक. शिवाय खगोलशास्त्र, भूगर्भशास्त्र, शरीरशास्त्र, मानसशास्त्र. आणि फ्रेंच. तिसरं, मुंबईच्या कायदेमंडळाचा सभासद होण्याचा प्रयत्न करीन, मग व्हाइसरॉयच्या कायदेमंडळाचा, आणि मग ब्रिटिश पार्लमेंटचा. या सगळ्या ठिकाणी देशाचं भलं होईल ते करीन. चौथं, सर्वोच्च तात्त्विक धर्माचा उपदेशक होऊन तो साऱ्या जगाला सांगेन.

बास, एवढंच. एका बाजूला रोजची योगासनं, दुसऱ्या बाजूला साऱ्या जगाला उपदेश. मधे भूगर्भशास्त्र. आमच्या वर्कशॉपच्या बाईंनी हा कागद बघितला असता तर 'मेझरेबल गोल्स लिहा' म्हणून परत केला असता.

पण ही यादी कधी लिहिली ते बघा.

त्याच्या आदल्या वर्षी, १८९७ च्या मार्चमध्ये, गोखले पहिल्यांदा विलायतेला गेले. हिंदुस्थान सरकारच्या खर्चाची चौकशी करायला नेमलेल्या वेल्बी कमिशनपुढे साक्ष द्यायला. वय तीस. बाकीचे हिंदी साक्षीदार म्हणजे दिनशा वाच्छा, सुरेंद्रनाथ बॅनर्जी यांच्यासारखे मुरलेले लोक. गोखल्यांची तयारी न्यायमूर्ती रानडे आणि सोलापूरचे गणेश व्यंकटेश जोशी यांनी करून घेतलेली. एप्रिलमध्ये साक्ष झाली आणि उत्तम झाली. उलटतपासणीत आकडे असे तोंडावर की समोरच्यांना पकडता येईना. आपल्या भाषेत सांगायचं तर पहिल्याच ऑनसाइटला क्लायंट खूश!

तिकडे पुण्यात प्लेगचा बंदोबस्त चालू होता. प्लेग कमिटीचा प्रमुख रँड, घराघरांत शिरून तपासणी करणारे गोरे शिपाई, बाहेर काढलेलं सामान, देवघरापर्यंत गेलेले बूट. ही गोष्ट आपल्याला माहीत आहे. २२ जून १८९७ ला चापेकर बंधूंनी रँडवर गोळी झाडली. गोखल्यांना लंडनमध्ये पुण्याहून पत्रं येत होती. त्यांत शिपायांच्या अत्याचारांची वर्णनं होती. दोन स्त्रियांवर बलात्कार झाला आणि त्यांतल्या एकीने नंतर जीव दिला, असंही लिहिलं होतं. पत्रं लिहिणारी माणसं गोखल्यांच्या विश्वासातली. त्यांनी हे तिथल्या खासदारांपुढे सांगितलं आणि 'मँचेस्टर गार्डियन'लाही सांगितलं. जुलैच्या सुरुवातीला ते छापून आलं आणि पार्लमेंटात गदारोळ झाला. मुंबईचे गव्हर्नर लॉर्ड सँडहर्स्ट यांनी हे सगळं धादांत खोटं आहे असं कळवलं.

आता पुरावा द्यायचा तर पत्रं लिहिणाऱ्यांची नावं सांगायला हवीत. आणि पुण्यातली हवा काय होती? नातू बंधूंना चौकशीशिवाय अटक करून हद्दपार केलेलं. २७ जुलैला टिळकांना राजद्रोहाखाली पकडलेलं. अशा वेळी कोण पुढे येऊन 'हो, मी लिहिलं होतं' म्हणणार? ३० जुलैला गोखल्यांची बोट मुंबईला लागली तेव्हा पोलीस कमिशनर भेटायला बोटीवरच आले होते. पत्रं नष्ट केलेली होती. गोखल्यांनी मित्रांकडे चौकशी केली, शाबीत करता येईल असं काही हाती लागेना. त्यांनी नावं सांगितली नाहीत. ऑगस्टमध्ये त्यांनी गव्हर्नरची, प्लेग कमिटीची आणि शिपायांची बिनशर्त माफी मागितली.

मग व्हायचं ते झालं. इंग्रजी पेपरांनी खोटारडा ठरवलं आणि पुण्याने भित्रा. टिळक तुरुंगात आणि गोखले माफी मागून घरी, अशी तुलना कुणाच्याही ओठावर येणारच. त्या वर्षीच्या डिसेंबरात अमरावतीला काँग्रेस भरली, तिथेही त्यांच्याबद्दल नाराजी होती. तुम्ही जे सांगितलं ते कदाचित खरं होतं, पण तुम्ही ते सिद्ध करू शकत नाही आणि ज्यांनी सांगितलं त्यांना उघडं पाडू शकत नाही. मला ही कोंडी फार भयंकर वाटते. माफी मागणं चूक होतं असं म्हणणारे आजही आहेत. मला वाटतं त्या माफीमुळे पत्रं लिहिणारे वाचले, आणि त्याची किंमत गोखल्यांनी एकट्याने मोजली. पण त्या पत्रांतल्या स्त्रियांचं काय, हा प्रश्न त्या माफीनंतर कुणी विचारलाच नाही, तेही खरं.

माझ्या आयुष्यातली सगळ्यात मोठी जाहीर माफी म्हणजे एका रिपोर्टमधल्या चुकीच्या आकड्यांबद्दल चाळीस लोकांना सी.सी. ठेवून पाठवलेली मेल. पुढचे तीन आठवडे मी कँटीनमध्ये दीड वाजता, सगळे उठल्यावर जात असे. त्या तीन आठवड्यांत मी खगोलशास्त्राचा विचार केला नाही. नोकरीच्या साइटवर सी.व्ही. टाकला.

गोखले काय करत होते? परत आल्यावर ते पुण्यातल्या प्लेगच्या कामात स्वयंसेवक म्हणून उतरले. ज्या बंदोबस्तावर बोलून नाव गेलं त्याच कामात. आणि इतकं मन लावून की खुद्द सँडहर्स्टनेच त्यांची जाहीर स्तुती केली. ते चालू असताना, माफीला सहा महिने होत असताना, हा कागद लिहिला गेला.

हे कळल्यावर ती यादी वेगळी दिसायला लागते. मुंबईचं कायदेमंडळ, म्हणजे ज्या गव्हर्नरची माफी मागितली त्याच्याच समोरची खुर्ची. ब्रिटिश पार्लमेंट, म्हणजे जिथे आपल्याला खोटं ठरवलं गेलं तेच सभागृह. माझा अंदाज आहे की तिसरं कलम लिहिताना गोखल्यांच्या डोळ्यांपुढे १८९७ चा जुलै महिना होता. आणि पार्लमेंट म्हणजे निव्वळ स्वप्नरंजन नव्हतं. दादाभाई नौरोजी १८९२ साली लंडनच्या सेंट्रल फिन्सबरीमधून निवडून आले होते, आणि यादी लिहिली त्या दिवशी मंचरजी भावनगरी बेथनल ग्रीनचे खासदार होतेच.

यादीत काय नाही तेही बघण्यासारखं आहे. पैसा नाही. डेक्कन एज्युकेशन सोसायटीला वीस वर्षं दिलेली होती, पंचाहत्तर रुपयांत भागवायचं हे ठरलेलंच होतं. खरं तर हायस्कुलांसाठी लिहिलेल्या अंकगणिताच्या पुस्तकाचं उत्पन्न होतं, पण ते वाढवू असं कुठे म्हटलेलं नाही. कॉलेजचा प्रिन्सिपॉल होईन असंही नाही. आणि कुटुंबाचा तुकडा पूर्ण कोरा. घरी पत्नी होती, मुली होत्या. पुढच्या एक-दोन वर्षांतच पत्नी गेली आणि दोन मुली राहिल्या. थोर माणसांच्या याद्या वाचताना हा कोरा तुकडा मला नेहमी खुपतो. त्या काळी घरातलं लिहायची पद्धत नव्हती म्हणावं, तर दत्तात्रेय आणि योगासनं कशी आली?

पुढचा हिशेब. डिसेंबर १८९९ मध्ये मुंबई कायदेमंडळावर निवड, म्हणजे दोन वर्षांच्या आत. १९०१ मध्ये व्हाइसरॉयच्या कायदेमंडळासाठी निवड, फिरोजशहा मेहतांच्या जागी. दोन टिकमार्क झाले. २६ मार्च १९०२ ला कलकत्त्याला त्यांचं पहिलं बजेटवरचं भाषण झालं. सरकार शिल्लक दाखवून खूश होतं. गोखल्यांनी विचारलं की देशात दुष्काळ आणि प्लेग असताना तिजोरीत शिल्लक कशी पडते? याचा अर्थ लोकांकडून गरजेपेक्षा जास्त कर घेतला जातोय. अंकगणिताचं पुस्तक लिहिणाऱ्या माणसाने सरकारचं गणित तपासलं. मिठावरचा कर तेव्हा मणाला अडीच रुपये होता. १९०३ मध्ये तो दोन झाला, १९०५ मध्ये दीड, १९०७ मध्ये एक. एकट्या गोखल्यांमुळे झालं असं कुणी म्हणणार नाही, पण दर वर्षी बजेटला उठून मिठाबद्दल बोलणारा माणूस तोच होता.

पार्लमेंटात ते कधीच गेले नाहीत. धर्मोपदेशकही झाले नाहीत. म्हणजे, झाले नाहीत असं मी आधी धरून चाललो होतो. १२ जून १९०५ ला फर्ग्युसनच्या टेकडीवर त्यांनी तीन तरुणांना शपथ दिली, द्रविड, देवधर आणि पटवर्धन, आणि सर्व्हंट्स ऑफ इंडिया सोसायटी म्हणजे भारत सेवक समाज सुरू झाला. पाच वर्षं उमेदवारी, सात शपथा, स्वतःसाठी पैसा मिळवायचा नाही. संस्थेच्या घटनेच्या प्रस्तावनेत गोखल्यांनी लिहिलं की सार्वजनिक जीवनाला अध्यात्माची बैठक हवी. म्हणजे चौथं कलम आलं, पण जगाला उपदेश करण्याऐवजी टेकडीवरच्या तीन माणसांना शपथ देऊन. अशी संस्था काढीन असं मात्र १८९८ च्या कागदावर नाही.

सक्तीच्या मोफत शिक्षणाचं बिलही त्या कागदावर नाही. ते त्यांनी मार्च १९११ मध्ये मांडलं. सहा ते दहा वर्षांच्या मुलांना शाळा, तीही जिथल्या स्थानिक संस्थांची तयारी असेल तिथेच. इतकं सावध बिल १९१२ मध्ये ३८ विरुद्ध १३ मतांनी पडलं. पडणार हे गोखल्यांना माहीत होतं आणि त्यांनी तसं सभागृहात सांगितलंही. शिक्षणाचा मूलभूत हक्क घटनेत आला तो २००२ साली, नव्वद वर्षांनी.

योगाभ्यास नियमित चालू राहिला असता तर काय झालं असतं कोण जाणे, कारण तब्येतीने दगा दिला. मधुमेह होता आणि तेव्हा इन्सुलिन नव्हतं, ते आलं १९२१-२२ मध्ये. तशात पब्लिक सर्व्हिसेस कमिशनचं काम आणि त्यासाठीचा सततचा प्रवास. १९१४ मध्ये ते प्रकृतीसाठी फ्रान्सला गेले, व्हिशीच्या झऱ्यांचं पाणी तेव्हा मधुमेहावर चांगलं मानत. ऑगस्टच्या सुरुवातीला महायुद्ध पेटलं आणि वाहतूक बंद पडली. त्याच आठवड्यात गांधीजी दक्षिण आफ्रिकेहून खास त्यांना भेटायला लंडनला उतरले, तर गोखले पॅरिसमध्ये अडकलेले. इकडे गांधीजी वाट बघतायत, आणि सोळा वर्षांपूर्वी भूगर्भशास्त्र आणि मानसशास्त्राच्या रांगेत 'फ्रेंच' असं लिहून ठेवणारा माणूस तिकडे फ्रेंच लोकांत बसून बोटीची चौकशी करतोय.

१९ फेब्रुवारी १९१५ ला पुण्यात ते गेले. वय अठ्ठेचाळीस.

एच.आर.ची रिमाइंडर मेल दोनदा आली आहे. वर्तुळ भरून सोमवारपर्यंत अपलोड करायचं आहे.