अलेक्झांडरची नाणी: दिसायला सारखीच, मग संग्राहक फरक कसा ओळखतात?

चांदीचं एक नाणं. दर्शनी बाजूला सिंहाचं कातडं डोक्यावर ओढलेला तरुण हेराक्लीस. मागच्या बाजूला सिंहासनावर बसलेला झ्यूस, त्याच्या एका हातावर गरुड, दुसऱ्या हातात राजदंड. शेजारी ग्रीक अक्षरांत 'अलेक्झांड्रू', म्हणजे 'अलेक्झांडरचं'. असं नाणं पाहिलं की ते थेट अलेक्झांडरच्या काळातलं असणार, असं कुणालाही वाटेल.

पण अलेक्झांडर इ.स.पू. ३२३ मध्ये वारला आणि त्याच्या नावाची नाणी त्यानंतरही दोनशेहून अधिक वर्षं पाडली जात होती. ग्रीसपासून बॅबिलोनपर्यंतच्या कितीतरी टांकसाळींत तोच हेराक्लीस आणि तोच झ्यूस उमटत राहिला. मग हातातलं नाणं कुठलं आणि कधीचं, हे ठरवायचं कसं? उत्तर दडलेलं असतं अगदी बारीकसारीक फरकांमध्ये. हे फरक ओळखणं म्हणजेच हेलेनिस्टिक नाण्यांच्या संग्रहाचा खरा गाभा.

'हेलेनिस्टिक' म्हणजे नेमकं काय?

अलेक्झांडरच्या मृत्यूनंतर त्याचं साम्राज्य त्याच्या सेनापतींनी वाटून घेतलं. तिथपासून इ.स.पू. ३० मध्ये इजिप्त रोमच्या ताब्यात जाईपर्यंतच्या काळाला 'हेलेनिस्टिक' काळ म्हणतात. भूमध्य समुद्रापासून आजच्या अफगाणिस्तान-पाकिस्तानपर्यंत ग्रीक पद्धतीची नाणी या काळात चालत होती.

यातलं सर्वांत ओळखीचं नाणं म्हणजे टेट्राड्रॅक्म, म्हणजे चार ड्रॅक्मांचं चांदीचं नाणं. त्याचं वजन साधारण १७ ग्रॅम. अलेक्झांडरने अथेन्सच्या वजनाचं प्रमाण स्वीकारलं. त्यामुळे त्याचं नाणं दूरदूरच्या बाजारात सहज चालायचं. लोकांचा या नाण्यावर विश्वास बसला होता, म्हणूनच नंतरच्या अनेक राजांनी आणि शहरांनीही ते चालू ठेवलं.

एकाच प्रकारच्या नाण्यांमध्ये फरक का पडतो?

कारण प्रत्येक नाणं हातानं पाडलं जायचं. कारागीर धातूच्या ठशावर उलटं चित्र कोरायचे. दर्शनी बाजूचा ठसा खाली ऐरणीत पक्का बसवलेला असायचा. त्यावर तापवलेली चांदीची चकती ठेवायची, वर मागच्या बाजूचा ठसा धरायचा आणि हातोडा मारायचा. हातोड्याचा घाव थेट सोसणारा वरचा ठसा लवकर झिजायचा किंवा फुटायचा, की नवा कोरावा लागायचा. नव्या ठशात झ्यूसचा पाय, गरुडाचा पंख किंवा एखादं अक्षर थोडंसं हललेलं असायचं.

दोन नाणी एकाच ठशातून निघाली आहेत, हे सिद्ध झालं तर ती एकाच टांकसाळीत आणि जवळपास एकाच सुमारास पाडली गेली असं मानता येतं. ठशाला गेलेला तडा नाण्यावर रेघ बनून उमटतो. ती रेघ जितकी मोठी, तितकं नाणं नंतरचं. अशा ठशांच्या मोजणीवरून नाणी कोणत्या क्रमाने पाडली गेली आणि टांकसाळीत काम किती जोरात चालू होतं, याचा अंदाज बांधता येतो.

संग्राहक नेमकं काय बघतात?

• झ्यूसचे पाय: सुरुवातीच्या नाण्यांवर त्याचे दोन्ही पाय समांतर दिसतात. नंतरच्या बऱ्याच नाण्यांवर एक पाय मागे घेतलेला असतो. पण हा पक्का नियम नाही. काही टांकसाळींनी हा बदल आधी केला, काहींनी जुनीच पद्धत चालू ठेवली.

• पदवी: काही नाण्यांवर नावासोबत 'बसिलेओस' म्हणजे 'राजाचं' असा शब्द येतो. तो दिसला की नाणं मृत्यूनंतरचंच, असं समजणं चूक. काही टांकसाळींनी अलेक्झांडरच्या अखेरच्या काळातच ही पदवी वापरायला सुरुवात केली होती.

• छोटी चिन्हं: झ्यूससमोरच्या मोकळ्या जागेत किंवा सिंहासनाखाली एखादं चिन्ह किंवा अक्षरांची गुंफण असते. गुलाब दिसला तर ऱ्होड्स बेटाचा विचार होतो, स्फिंक्स दिसला तर किऑस बेटाचा. नाण्याचा पत्ता शोधताना सगळ्यात जास्त उपयोग याच चिन्हांचा होतो.

• चकतीचा आकार: सुरुवातीची नाणी जाड आणि आटोपशीर असतात. इ.स.पू. दुसऱ्या शतकातल्या अनेक नाण्यांची चकती रुंद आणि पातळ होत जाते.

• नाव: अगदी हेच चित्र, पण नाव 'फिलिप' असेल, तर ते अलेक्झांडरच्या वडिलांचं नाणं नव्हे. ते त्याचा सावत्र भाऊ आणि वारस फिलिप अऱ्हिडेअस याचं. नवे संग्राहक इथे हमखास फसतात.

एका खुणेवरून निकाल देता येत नाही. सगळ्या खुणा एकत्र जुळवाव्या लागतात. त्यासाठी जगभर वापरलं जातं ते ब्रिटिश म्युझियमचे अभ्यासक मार्टिन प्राइस यांनी १९९१ मध्ये प्रसिद्ध केलेलं दोन खंडांचं सूचिपुस्तक. त्यात प्रत्येक उपप्रकाराला स्वतंत्र क्रमांक आहे आणि हे क्रमांक हजारोंच्या घरात जातात. अमेरिकन न्यूमिस्मॅटिक सोसायटीच्या 'पेला' या ऑनलाइन सूचीतही तेच क्रमांक वापरले आहेत आणि ती कुणालाही मोफत बघता येते.

एवढ्या बारकाव्यांनी फरक काय पडतो?

याचं उत्तर भारताच्या वायव्य सीमेवर मिळतं. बॅक्ट्रिया आणि गांधार भागात राज्य केलेले चाळीसच्या आसपास ग्रीक राजे आज माहीत आहेत. जुन्या ग्रंथांत त्यातल्या मोजक्यांचीच नावं येतात. उरलेले बहुतेक राजे आपल्याला कळले ते फक्त नाण्यांमुळे. कोण आधी, कोण नंतर आणि कुणाचं राज्य कुठे होतं, हे चेहऱ्याची ठेवण, लिपी आणि अक्षरांच्या गुंफणीवरून ठरवावं लागतं. एका राजाने दुसऱ्याच्या नाण्यावर आपला ठसा मारला असेल, तर खालचं नाणं आधीचं हे उघड होतं.

'मिलिंद' या नावाने आपल्याला माहीत असलेल्या मिनँडर राजाच्या नाण्यांवर एका बाजूला ग्रीक आणि दुसऱ्या बाजूला खरोष्ठी लिपीत 'महरजस त्रतरस मेनंद्रस' असा मजकूर दिसतो. म्हणजे तारणहार महाराज मिनँडरचं नाणं. पहिल्या शतकातल्या 'पेरिप्लस' या ग्रीक प्रवासग्रंथात मिनँडर आणि अपोलोडोटस यांचे जुने ड्रॅक्म भडोच बंदरात अजून चालत असल्याची नोंद आहे.

हा धागा पुढे नाशिकपर्यंत येतो. क्षत्रप राजा नहपान याची चांदीची नाणी या ग्रीक परंपरेतूनच आली. त्यांवर राजाचा चेहरा आणि ग्रीक अक्षरं आहेत, तर मागे ब्राह्मी आणि खरोष्ठी. १९०६ मध्ये नाशिकजवळच्या जोगळटेंभी इथे तेरा हजारांहून अधिक अशा नाण्यांचा साठा सापडला. त्यातल्या नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा मारलेला होता. सातवाहनांनी नहपानावर मिळवलेल्या विजयाचा हा ठोस पुरावा मानला जातो. साठा एकत्र राहिला आणि मोजला गेला, म्हणूनच हे कळलं.

साठा फुटला की काय हरवतं?

अफगाणिस्तानातली दोन उदाहरणं पुरेशी बोलकी आहेत. १९७० मध्ये आय खानूम इथल्या उत्खननात फ्रेंच पुरातत्त्वज्ञांना अगाथोक्लीस राजाची सहा चौकोनी नाणी मिळाली. त्यांवर एका बाजूला नांगरधारी बलराम आणि दुसऱ्या बाजूला चक्रधारी वासुदेव आहेत. ही नाणी कुठे आणि कोणत्या नाण्यांसोबत होती, याची नोंद झाली. त्यामुळे त्यांच्या अस्सलपणाबद्दल शंका उरली नाही.

याउलट १९९२ च्या सुमारास मीर झाका इथे निघालेल्या साठ्यात काही लाख नाणी असल्याचा अंदाज आहे. नोंद होण्याआधीच ती पेशावरच्या बाजारातून जगभर विखुरली. नाणी उरली, पण कोणतं नाणं कोणासोबत होतं, ही माहिती कायमची गेली.

खोटं नाणं कसं ओळखतात?

इथे गणित उलटं होतं. अस्सल नाण्यांत फरक असणारच. एकाच ठशातल्या दोन नाण्यांचंही वजन, कडेचा आकार आणि झीज वेगळी असते. म्हणून दोन नाण्यांच्या कडा, चिरा आणि ओरखडेसुद्धा तंतोतंत जुळले, तर संग्राहक सावध होतात. अशी नाणी बहुधा एकाच साच्यात ओतलेली असतात. पृष्ठभागावर हवेच्या बुडबुड्यांचे खड्डे, कडेला जोडाची रेघ आणि बोथट अक्षरं ही ओतीव नकलेची आणखी लक्षणं.

ठसे कोरून पाडलेल्या नकला मात्र अवघड असतात. एकोणिसाव्या शतकात कार्ल विल्हेल्म बेकर या जर्मन कारागिराने केलेल्या नकलांनी भल्याभल्यांना चकवलं होतं. शिवाय तांब्यावर चांदीचा पत्रा चढवलेली बनावट नाणी प्राचीन काळातही होती. त्यामुळे 'जुनं' म्हणजे 'खरं' असंही नाही.

भारतात कायदा काय सांगतो?

१०० वर्षांहून जुनं नाणं पुरावशेष आणि बहुमूल्य कलाकृती अधिनियम, १९७२ नुसार 'पुरावशेष' ठरतं. खासगी व्यक्तीला ते देशाबाहेर नेता किंवा पाठवता येत नाही. जमिनीत नाणी सापडली तर १८७८ च्या निखात निधी कायद्यानुसार जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं.

सुरुवात कुठून करावी?

आधी बघण्यापासून, मग विकत घेण्याकडे. मुंबईतलं छत्रपती शिवाजी महाराज वास्तुसंग्रहालय आणि रिझर्व्ह बँकेचं नाणेसंग्रहालय इथे प्राचीन नाणी जवळून बघता येतात. नाणं घेतलंच तर पावती आणि आधीच्या मालकाची माहिती जपून ठेवावी. वजन, व्यास, दोन्ही बाजूंचे फोटो आणि सूचीतला क्रमांक लिहून ठेवावा. आणि कितीही मोह झाला तरी नाणं चिंच लावून किंवा पॉलिशने घासू नये. काळपटपणासोबत ठशाच्या ज्या बारीक रेघा निघून जातात, त्या परत आणता येत नाहीत.