गैरहजर पालक आणि मुलाचा ताबा

काझीच्या दरबारापासून आजच्या कौटुंबिक न्यायालयापर्यंत एक प्रश्न चालत आला आहे. आईबापांपैकी एकच हजर असेल, तर मूल कोणाच्या हवाली करायचे?

आपल्या फिकहमध्ये यावर एकमत नाही. गैरहजर माणसाच्या वतीने कोणी उभे नसेल, तर हनफी फकीह सहसा त्याच्याविरुद्ध निकाल देत नाहीत. कोकणी मुसलमानांचा शाफई मजहब मात्र पुरावा व शपथ घेऊन तसा निकाल देऊ देतो. त्यासाठी हिंद बिन्ते उत्बाचा दाखला देतात. पती अबू सुफियान पुरेसा खर्च देत नाही, अशी तक्रार तिने केली, तेव्हा स्वतःला व मुलांना रास्त लागेल तेवढे त्याच्या मालातून घेण्यास पैगंबरसाहेबांनी (स.) तिला सांगितले. हा निवाडा की फतवा, यावर उलेमांनी वाद घातला. आम्हाला त्यातले एवढेच महत्त्वाचे वाटते की मुलांची गरज बापाच्या हजेरीसाठी थांबून राहिली नाही.

इंग्रजी अमलात 1890 चा पालक व पाल्य कायदा आला. अर्ज दाखल झाला की आईबापांना नोटीस द्यावी, ती न्यायालयावर आणि मुलाच्या राहत्या घरावरही लावावी, असे त्यात आहे. मुलाला लागू असलेल्या कायद्याशी सुसंगत राहून त्याचे हित पाहावे, असेही त्यात म्हटले आहे. 1918 मध्ये इमामबंदी खटल्यात प्रिव्ही कौन्सिलच्या वतीने सय्यद अमीर अली यांनी स्पष्ट केले की आईला ठरावीक वयापर्यंत हिजानतचा, म्हणजे सांभाळाचा हक्क आहे, पण ती नैसर्गिक वली नाही. ताबा आणि पालकत्व यांतला हा फरक पुढे कायम राहिला.

1908 च्या दिवाणी प्रक्रिया संहितेनुसार समन्स लागू होऊनही प्रतिवादी आला नाही, तर दावा एकतर्फी चालतो. म्हणून हजर पक्षाचे सगळेच खरे ठरत नाही. मूल ही दावा जिंकणाऱ्याला मिळणारी जिंदगी नव्हे. 1973 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हेच सांगितले आणि ताब्याचे आदेश स्वभावतः तात्पुरते मानले.

परदेशाच्या बाबतीत हा प्रश्न अधिक बिकट होतो. 1984 मध्ये एक आई लहान मूल घेऊन अमेरिकेहून भारतात परतली. मागे बापाने तिथल्या न्यायालयातून ताब्याचा एकतर्फी आदेश मिळवला. खटला मुंबईत चालून सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. 1997 मध्ये निकाल लागला, तेव्हा मूल बारा वर्षांहून अधिक काळ आईजवळ वाढलेले होते. परकीय आदेश विचारात घ्यावा, पण शेवटचा शब्द मुलाच्या हिताचा, असे ठरवून न्यायालयाने ताबा आईकडे ठेवला.

रत्नागिरी-रायगडची आमची माणसे आखातात असतात आणि समन्स गावच्या दारावर लागते. वाजवी कारण असेल किंवा समन्सच मिळाले नसेल, तर एकतर्फी हुकूम रद्द करण्यासाठी अर्ज करता येतो. त्याची मुदत 30 दिवसांची असते. समन्स रीतसर लागू झाले नसेल, तर ते दिवस हुकूम कळल्यापासून मोजतात. घरच्यांनी तो कागद पेटीत ठेवू नये, त्याच दिवशी आखातात कळवावा. रुसून तारीख चुकवणाऱ्या बापाला किंवा आईला वाटते की आपण फक्त प्रतिपक्षाला टाळले. खरे तर मुलाच्या बाजूने बोलणारे एक माणूस त्या दिवशी कमी झालेले असते.