बंदरावरच्या सावल्या

इतिहासाच्या तासाला आम्ही कधी कधी मुलांना जुनी व्यंगचित्रे दाखवतो. सनावळ्यांना कंटाळलेली मुले चित्र पाहिले की बोलू लागतात. असे एक चित्र ११ जानेवारी १८९३ रोजी न्यूयॉर्कच्या 'पक' साप्ताहिकात छापून आले होते. बोटीतून उतरणाऱ्या एका गरीब परदेशी माणसाला पाच गबर शेठ हात उंचावून अडवीत आहेत. अंगावर उंची कपडे आहेत. पण मागे पडलेल्या सावल्या मात्र गाठोडी घेतलेल्या फाटक्या माणसांच्या आहेत. हे शेठ किंवा त्यांचे वाडवडील ज्या हालात इथे उतरले, त्या हालाच्याच त्या सावल्या. मुले आधी हसतात, मग गप्प होतात. हे चित्र काढणारा जोसेफ केप्लर स्वतः व्हिएन्नाहून अमेरिकेत आलेला होता.

त्या काळी अमेरिकेत परदेशी माणसांना अडवण्याची मागणी जोर धरत होती. १८८२ मध्ये कायदा झाला आणि चिनी मजुरांना दहा वर्षांसाठी बंदी झाली. पुढे ती वाढतच गेली. त्याच वर्षी 'फ्रँक लेस्लीज' या सचित्र साप्ताहिकाने एक चित्र छापले. स्वातंत्र्याच्या सोनेरी दरवाजाबाहेर एक चिनी माणूस बसला आहे. उद्योग, शांतता, निर्व्यसनीपणा हे त्याचे सामान. दरवाजावरच्या पाटीप्रमाणे गुंडपुंडांनाही आत यायला मोकळीक आहे, बंदी फक्त त्याला. कायद्यातला अन्याय समजायला वकील लागला नाही. एका पाटीने काम भागले.

पण वाचकहो, व्यंगचित्र नेहमी दुबळ्याच्याच बाजूने असते असे समजू नये. सॅन फ्रान्सिस्कोच्या 'वास्प' साप्ताहिकाने १८८१ मध्ये स्वातंत्र्यदेवतेच्या जागी एका चिनी माणसाचा भेसूर पुतळा उभा केला आणि लोकांना भीती घातली. जर्मनीत जन्मलेला थॉमस नास्ट चिन्यांची बाजू घेऊन चित्रे काढी. तोच आयरिश लोकांना मात्र माकडाच्या तोंडाचे दाखवी. हसू कुणावर आहे, जुलूम करणाऱ्यावर की सोसणाऱ्यावर, हा सवाल आम्ही मुलांना दरवेळी विचारायला लावतो.

शिक्षक म्हणून आमच्या मनाला सर्वांत जास्त लागलेले चित्र १९१६ सालचे, 'पक'मधलेच, रेमंड इव्हान्सचे. उंचच उंच भिंत आहे आणि ती रचली आहे पुस्तकांची. खाली गाठोडी घेतलेले कुटुंब उभे आहे. वरून अंकल सॅम सांगतो, चढून या, स्वागतच आहे! हा टोमणा साक्षरतेच्या अटीवर होता. क्लीव्हलंड, टाफ्ट आणि विल्सन या अध्यक्षांनी ती अट नाकारली होती. तरी संसदेने फेब्रुवारी १९१७ मध्ये विल्सन यांचा नकार डावलून ती कायद्यात आणलीच. सोळा वर्षांवरील माणसाला, काही सवलती सोडल्या तर, कोणत्याही एका भाषेतले तीस-चाळीस शब्द वाचून दाखवणे भाग पडले.

याच कायद्याने हिंदुस्थानासह आशियाच्या मोठ्या भागातील मजुरांना दार बंद केले. म्हणजे आपल्याकडचा मजूर उर्दू किंवा मराठी फडाफडा वाचत असता, तरी तो बाहेरच. मग वाचनाची परीक्षा हा नुसता बहाणा नव्हता काय? ज्या किताबांनी माणसाला वाट दाखवायची, त्यांचीच भिंत झाली.

चित्रांनी कायदा अडला नाही. १९२४ मध्ये तो आणखी कडक झाला. चिन्यांवरची बंदी उठायला १९४३ साल उजाडले, तेही वर्षाला फक्त १०५ जणांसाठी. मग त्या हसण्याचा फायदा काय? आमच्या मते एवढाच, की त्या वेळी सगळेच गप्प नव्हते याची साक्ष राहिली. कायदे रद्द झाले, ते शेठ गेले. पण त्यांच्या सावल्या कागदावर आहेत आणि आमच्या वर्गातली मुले आजही त्यांच्याकडे बोट दाखवतात.