डॉक्टर आणि मूल यांतील अंतर

१९२९ साली काठेवाडातील एका अस्पृश्य शिक्षकाची बाळंतीण बायको आजारी पडली. डॉक्टर मिनतवारीने आला, दोन रुपये फी घेतली. पण तिला शिवला नाही. तापमापक त्याने एका मुसलमान गृहस्थाच्या हाती दिला, त्याने शिक्षकाच्या, शिक्षकाने बायकोच्या. तो परतही त्याच वाटेने गेला. पुढे डॉक्टर आलाच नाही. बाई गेली. 'यंग इंडिया'त छापून आलेली ही हकीकत बाबासाहेबांनी 'वेटिंग फॉर अ व्हिसा'मध्ये नोंदवून ठेवली. इथले अंतर मैलांचे नव्हते.

पण मैलांचे अंतर तरी आपोआप पडले काय? इंग्रजी अमदानीत इस्पितळे बंदरांना आणि छावण्यांना धरून वाढली. मुंबईत १८४५ साली जे. जे. उभे राहिले. परळला १९२६ साली के. ई. एम. आले, पाठोपाठ वाडियांचे खास मुलांचे इस्पितळ. गिरणीत आलेल्या आपल्या माणसाच्या पोराला निदान ते दार जवळ होते. गावी राहिलेल्या भावाच्या पोराला काय होते? १९४६ साली भोर समितीने खेड्यांची ही उपेक्षा स्पष्ट मांडली.

पुढे कागदावर न्याय झाला. ग्रामीण रुग्णालयांसाठी निकष ठरला: मैदानी भागात १,२०,००० लोकवस्तीला आणि डोंगरी-आदिवासी भागात ८०,००० वस्तीला एक, त्यात चार तज्ज्ञ, पैकी एक बालरोगतज्ज्ञ. प्रत्यक्षात २०२१-२२ च्या केंद्र सरकारच्या आकडेवारीत ग्रामीण भारतात गरजेच्या सुमारे ८० टक्के बालरोगतज्ज्ञ कमी होते. १९९३ साली मेळघाटातील कोरकू बालकांचे मृत्यू देशभर गाजले. त्या धारणीहून अमरावती घाटवाटेने सुमारे दीडशे किलोमीटर. धाप लागलेले मूल तेवढा वेळ थांबत नाही.

हे अंतर तोडता येते. डॉ. अभय बंग यांचा गडचिरोलीतील अभ्यास १९९९ साली 'लॅन्सेट'मध्ये आला. गावातल्याच स्त्रियांनी शिकून घरोघरी नवजात बाळे सांभाळली. तिसऱ्या वर्षी नवजात मृत्यूंचे प्रमाण तुलनेच्या गावांपेक्षा ६२ टक्क्यांनी घटले. शिवणारा हात जवळ होता, एवढाच त्याचा अर्थ. मात्र आदिवासींना आरोग्यदूत आणि शहरांना बालरोगतज्ज्ञ, ही नवी वर्णव्यवस्था आपण मान्य करता कामा नये. मुलाला दोन्ही हवेत.

म्हणून कार्यकर्त्यांनी ग्रामसभेत आणि जिल्हा परिषदेत एक साधा प्रश्न लावून धरावा: आमच्या रुग्णालयातील बालरोगतज्ज्ञाची जागा किती वर्षे रिकामी आहे? रिकामी खुर्ची ही सुद्धा न शिवण्याचीच एक रीत आहे.